एसीचा बेल्ट ओरडतोय? जुन्या छोट्या गाड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी पेटली की मराठवाड्यात गाड्यांचे एसी सुरू होतात आणि त्याच आठवड्यापासून परभणी, उदगीर, अंबड, अंबाजोगाई अशा सगळीकडून एकच तक्रार यायला लागते. बटण दाबलं की बॉनेटखालून कर्कश आवाज. विचारणाऱ्यांकडे बहुतेक जुनी ८००, झेन, अल्टो, वॅगनआर, सॅन्ट्रो किंवा इंडिका असते. इथली उत्तरं अशाच गाड्यांसाठी आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

१. एसी लावला की गाडी "चींऽऽ" करून ओरडते. नेमकं काय ओरडतं?

रबरी बेल्ट लोखंडी पुलीवर घसरतो, त्याचा हा आवाज. इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या पुलीवरून, म्हणजे क्रँक पुलीवरून, बेल्ट फिरतो आणि तो कॉम्प्रेसरची, म्हणजे एसीचा गॅस दाबणाऱ्या यंत्राची, पुली फिरवतो. एसी बंद असताना कॉम्प्रेसरची पुली आपल्या बेरिंगवर नुसती मोकळी फिरत असते. बटण दाबलं की चुंबकी क्लच "टक" करून चिकटतो आणि कॉम्प्रेसरचं सगळं ओझं एका क्षणात बेल्टवर येतं. म्हणून आवाज नेमका त्याच क्षणी सुरू होतो.

घसरायची कारणं दोनच बाजूंची: एकतर बेल्टची पकड कमी झाली, नाहीतर ओढायचं ओझं वाढलं. गॅरेजमध्ये शंभरातले नव्वद जण पहिलीच बाजू बघतात, बेल्ट ताणतात आणि गाडी परत देतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची असते. ती प्रश्न ९ मध्ये सविस्तर आहे.

२. एसीचा बेल्ट आणि फॅन बेल्ट एकच का?

जुन्या छोट्या गाड्यांत सहसा वेगळे. एक बेल्ट अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) आणि वॉटर पंप फिरवतो. त्यालाच लोक अजून फॅन बेल्ट म्हणतात, जरी रेडिएटरचा पंखा आता विजेवर चालत असला तरी. दुसरा बेल्ट एसीचा. पॉवर स्टिअरिंग असेल तर त्यासाठी तिसरा, किंवा एसीच्याच बेल्टवर तेही काम. थोड्या नव्या गाड्यांत सगळ्यांना मिळून एकच लांब बेल्ट असतो (प्रश्न १८).

ओळखायची सोपी खूण म्हणजे ज्या यंत्राला दोन ॲल्युमिनियमचे पाइप जोडलेत तो कॉम्प्रेसर, आणि त्याच्या पुलीवरचा बेल्ट एसीचा. टायमिंग बेल्टचा या सगळ्याशी काही संबंध नाही. तो दात असलेला, झाकणाआड असतो आणि असा ओरडत नाही. "बेल्ट बदलायचाय" एवढंच सांगून गाडी सोडू नका, कोणता ते सांगा.

३. आवाज एसीच्याच बेल्टचा आहे हे घरी कसं ओळखायचं?

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू. एसी लावा, बंद करा, परत लावा. आवाज बटणाबरोबर येत-जात असेल तर संशय एसीच्या बेल्टवर. आता एसी बंद ठेवून हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही लावा. तेव्हा ओरडला तर अल्टरनेटरचा बेल्ट. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ओरडला तर पॉवर स्टिअरिंगचा.

खात्री करायची असेल तर इंजिन बंद करून एसीचा बेल्ट काढून ठेवा आणि मिनिटभर गाडी सुरू करा. आवाज गेला तर दोष त्या बेल्टच्या वाटेवरच कुठेतरी आहे. ही चाचणी बेल्ट वेगळा असेल तरच करा.

कानावरही थोडा भरवसा ठेवा. बारीक, टोकदार किंचाळी म्हणजे घसरण. "चिव् चिव्" असा तालात तुटक आवाज म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. घरघर किंवा दळल्यासारखा आवाज म्हणजे बेरिंग. बेरिंगच्या आवाजावर बेल्ट बदलणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून चष्म्याची काडी बदलणं.

४. आवाज येत असताना गाडी चालवली तर चालते का?

एसी बंद केल्यावर आवाज पूर्ण थांबत असेल तर एसी न लावता घरी किंवा गॅरेजपर्यंत बिनधास्त जा. एसी लावून तसंच रेटत राहिलात तर घसरणीच्या उष्णतेने बेल्टची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होते आणि मग ताणूनही पकड येत नाही.

रबर जळाल्याचा वास किंवा धूर आला तर लगेच एसी बंद करा. त्यानंतरही थांबला नाही तर गाडी बाजूला घ्या. ओरडणारा बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंपाचा निघाला तर मात्र गाडी पुढे नेऊ नका. तो तुटला की इंजिनचं पाणी फिरणं थांबतं, आणि ४२ डिग्रीच्या दुपारी इंजिन गरम व्हायला फार वेळ लागत नाही. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंपसुद्धा अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. तो बेल्ट गेला की ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं.

५. मिस्त्रीने बेल्टवर साबण घासला, आवाज गेला. मग बिघडलं कुठं?

साबण, मेणबत्ती, राळ, स्प्रे, सगळ्यांनी आवाज जातो. दोन दिवस. साबण आणि मेण घसरण थांबवत नाहीत, फक्त तिचा आवाज दाबतात. बेल्ट आतून जळतच राहतो. राळेने आणि चिकट स्प्रेने पकड येते, पण आपली काळ्या मातीची धूळ त्यावर बसून पुलीच्या खाचेत लेप तयार होतो आणि पुढचा नवा बेल्टही खराब होतो.

गंज सोडवायचा स्प्रे, डिझेल, पेट्रोल, ग्रीस यांतलं काहीही बेल्टवर मारू नका. तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. आधीच कोणी असं काही मारलं असेल तर पुल्या साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन, पुसून, पूर्ण कोरड्या करा. बेल्ट मात्र बदलावाच लागतो.

६. बेल्ट किती ताणायचा? अंगठ्याने दाबून बघायचं म्हणतात, पण किती जोराने?

दोन पुल्यांमधला सगळ्यात लांब मोकळा भाग निवडा. त्याच्या मध्यावर साधारण १० किलोच्या जोराने दाबल्यावर व्ही-बेल्ट (इंग्रजी V सारख्या तिरक्या बाजूंचा) ८ ते १० मिलिमीटर आत गेला पाहिजे. बारीक रेघांचा चपटा बेल्ट त्याहून थोडा कमी. पट्टी धरून बघा, अंदाजावर जाऊ नका. १० किलो म्हणजे किती हे कळत नसेल तर घरातल्या वजनकाट्यावर अंगठा दाबून बघा. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा तो बराच जास्त जोर निघतो, म्हणूनच बहुतेकांचे बेल्ट तपासताना "ठीक" वाटतात आणि रस्त्यावर ओरडतात.

याच्या उलटही होतं. तारेसारखा ताणलेला बेल्ट ओरडत नाही, पण कॉम्प्रेसरच्या पुलीचं आणि आयडलरचं (बेल्टला ताण देणाऱ्या छोट्या पुलीचं) बेरिंग खातो. अल्टरनेटरचा बेल्ट असा ताणला तर वॉटर पंपाचं बेरिंग जातं. शंभर रुपयांचा आवाज घालवायला हजारांचं काम ओढवून घेऊ नका.

७. घरच्या घरी ताणता येतो का? काय काय लागतं?

येतो, जागा अडचणीची असली तरी. बहुतेक गाड्यांत १२ आणि १४ चे पाने, एक टॉर्च आणि थोडा धीर पुरतो. इंजिन थंड हवं, किल्ली खिशात हवी आणि बॅटरीची मायनस वायर काढलेली हवी. काही गाड्यांत किल्ली नसतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप फिरायला लागतो. गळ्यातलं उपरणं, ओढणी, लोंबत्या बाह्या, हातातलं कडं आधी दूर ठेवा.

ताण देण्याच्या दोन पद्धती दिसतात. एकीत आयडलर नावाची छोटी मोकळी पुली असते. तिच्या मधला नट आधी सैल करायचा, मग वरचा किंवा खालचा लांब ॲडजस्टिंग बोल्ट थोडा-थोडा फिरवायचा, ताण मोजायचा आणि मधला नट परत घट्ट करायचा. मधला नट न सोडता बोल्टवर जोर काढला तर बोल्टचे आटे जातात किंवा तो तुटतो, आणि मग घरचं काम थेट लेथवाल्याकडे जातं. दुसऱ्या पद्धतीत कॉम्प्रेसरच लांबट खाचेच्या पट्टीवर सरकतो. त्यात खालचा बिजागरीचा बोल्टही सैल करावा लागतो. टॉमीने (उचकटायच्या लोखंडी दांड्याने) कॉम्प्रेसर ओढताना ती त्याच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर किंवा पाइपांवर टेकवू नका, जाड लोखंडी ब्रॅकेटवरच टेकवा.

नट घट्ट करताना ताण बदलतो, म्हणून शेवटी एकदा परत मोजा. बॅटरी जोडा, एसी लावून पाच-दहा मिनिटं गाडी चालू ठेवा, बंद करा आणि पुन्हा मोजा.

८. नुसता ताणून भागेल की बदलायलाच लागेल?

बेल्ट उलटा वाकवून आतली बाजू टॉर्चने बघा. आडव्या भेगा, निघालेले तुकडे, कडेला लोंबणारे धागे, काचेसारखी चमक किंवा तेलाचा ओलावा, यांतलं काही दिसलं तर बदला.

जुन्या पद्धतीचं रबर भेगा दाखवून सांगायचं की मी संपलो. हल्लीचे बरेच बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात, ते भेगा न दाखवताच टायरसारखे झिजतात. "भेग नाही म्हणजे चांगला" हे त्यांना लागू नाही. व्ही-बेल्टसाठी एक जुनी खूण पक्की आहे. बेल्टची वरची पाठ पुलीच्या कडेशी साधारण समान असायला हवी. तो खाली बुडून खाचेच्या तळाला टेकत असेल तर कितीही ताणा, घसरणारच, कारण व्ही-बेल्टची पकड दोन्ही बाजूंच्या तिरक्या भिंतींवर असते, तळावर नसते. तळ घासून चमकत असेल तर हेच चाललंय.

ॲडजस्टिंग बोल्ट शेवटापर्यंत गेला आणि तरी ताण येत नाही, तेव्हा विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही.

९. सकाळी गप्प असतो, दुपारी ओरडतो. गंजगोलाईच्या गर्दीत ओरडतो, हायवेला लागला की बंद. असं का?

लातूरच्या वाचकाने विचारलेला हा प्रश्न सगळ्यांनी वाचावा, कारण यात बेल्टचा दोष बहुधा सगळ्यात कमी असतो.

कॉम्प्रेसर गॅस दाबतो आणि तो गरम गॅस रेडिएटरच्या पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, थंड होतो. जाळीतून हवा नीट गेली नाही तर गॅस थंड होत नाही, दाब चढतो आणि तेवढाच जास्त जोर कॉम्प्रेसर फिरवायला लागतो. तो जोर शेवटी बेल्टने द्यायचा असतो. हायवेला गाडीच्या वेगाने हवा मिळते. गर्दीत सगळी मदार पंख्यावर. सकाळी हवाच थंड असते, दुपारी जाळीवर येणारी हवा आधीच ४० च्या वर.

आपल्याकडे ही जाळी बुजायला कारणंही भरपूर. दिवाळीनंतर मानवत, सेलू, जालन्याकडे कापसाच्या गाड्या जिनिंगला लागतात, तेव्हा हवेतली रुई जाळीला चिकटते. वर रस्त्याच्या कामांची धूळ. हिवाळाभर एसी बंद असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. मार्चमध्ये बटण दाबलं की बेल्ट ओरडतो आणि शिव्या बेल्ट खातो.

तपासायला एक सोपी युक्ती आहे. एसी चालू ठेवून आवाज येत असताना गाडीच्या पुढून, ग्रिलमधून, कंडेन्सरवर तांब्याभर पाणी हळूहळू ओता. अल्टरनेटर आणि बेल्टवर पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर चाचणीच फसते. अर्ध्या मिनिटात आवाज कमी झाला तर दोष ओझ्याचा आहे.

मग दोन कामं. इंजिन थंड झाल्यावर जाळी साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप जवळून मारला तर पातळ पाती आडव्या पडतात आणि जाळी कायमची बुजते. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर रोज त्याने धुऊ नका, पांढरा थर बसतो. दुसरं, एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरतो का बघा. नसेल तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने जा. फिरतोय पण सुस्त वाटतो, तर अल्टरनेटरचा बेल्ट तपासा. तो ढिला असला की व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो, गॅसचा दाब चढतो आणि ओरडतो मात्र शेजारचा एसीचा बेल्ट. या साखळीचा शेवट बघून सुरुवात ओळखणारा मिस्त्री सापडला तर त्याला सोडू नका.

१०. गॅस भरून आणल्यापासूनच आवाज सुरू झाला. गॅसचा आणि बेल्टचा काय संबंध?

सरळ संबंध आहे. "अजून थोडा मारा, म्हणजे गारेगार होईल" या आग्रहाने गॅस जास्त भरला जातो. जास्त गॅस म्हणजे जास्त दाब, म्हणजे कॉम्प्रेसर जड. व्हॅक्यूम न करता, म्हणजे पाइपांतली हवा पंपाने आधी ओढून न काढता, भरला असेल तर आत राहिलेली हवाही दाब चढवते. दोन्हीत एसी उलट कमी गार करतो.

गॅस वजनाने भरायचा असतो. किती ग्रॅम, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. जिथे भरला तिथेच परत जा, दोन्ही बाजूंचे गेज लावून दाब दाखवायला सांगा. गॅस कमी असेल तर मात्र वेगळं दिसतं. क्लच सारखा "टक-टक" लागत-सुटत राहतो आणि दरवेळी क्षणभर चिरकतो.

११. दुकानदार बेल्टचा नंबर विचारतो. तो कुठे बघायचा?

बेल्टच्या पाठीवर छापलेला असतो. "४ पीके ८५५" म्हणजे चार रेघा आणि ८५५ मिलिमीटर लांबी. "एव्ही १० × ८२५" म्हणजे वरची रुंदी १० मिलिमीटरचा व्ही-बेल्ट, लांबी ८२५. हे नमुने आहेत, तुमच्या गाडीचा नंबर वेगळा असू शकतो.

छाप पुसली असेल तर गाडीचं मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल आणि पॉवर स्टिअरिंग आहे का, एवढं सांगा. जुना बेल्ट लांबीला जुळवून नवा घेऊ नका, तो ताणून वाढलेला असतो. जरा लांब बेल्ट घेतला तर ॲडजस्टर लवकर संपतो, जरा आखूड घेतला तर मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरने उचकटून चढवतो आणि आतले धागे पहिल्याच दिवशी तुटतात. वरून काही दिसत नाही, महिनाभरात बेल्ट सुटतो. नवा बेल्ट नेहमी ताण पूर्ण सैल करून, हाताने चढला पाहिजे.

१२. नवा बेल्ट टाकला, तरी ओरडतोच. आता?

पहिल्या एक-दोन दिवसांतलं ओरडणं असेल तर बहुधा नवा बेल्ट बसला आणि ढिला पडला. प्रश्न ६ प्रमाणे मोजून परत ताणा. साधारण काहीशे किलोमीटरनंतर एकदा तपासणं नव्या बेल्टच्या कामातच धरायचं.

तरी राहिलं तर बेल्ट सोडा आणि पुल्या बघा. रेघांचा बेल्ट एक खाच सरकवून बसवलेला असतो, ही चूक अंधाऱ्या गॅरेजात सर्रास होते. दोन्ही बाजूंना रिकामी खाच मोजा. पुल्यांच्या तोंडावर सरळ लोखंडी पट्टी किंवा ताणलेली दोरी लावून बघा, एखादी पुढे-मागे किंवा तिरकी असेल तर लगेच दिसते. बेल्ट काढून आयडलर हाताने फिरवा. खरखर लागली, खेळ जाणवला किंवा उलट तो फारच मोकळा, बराच वेळ फिरत राहिला, तर बेरिंग संपलं. बंद बेरिंगला बाहेरून ग्रीस लावून उपयोग नाही. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो दाखवून नवं घ्या. ६२०३ असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४० आणि जाडी १२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलंच मागा, आपल्या धुळीत उघडं बेरिंग टिकत नाही.

मग कॉम्प्रेसर. इंजिन बंद, बेल्ट काढलेला. बाहेरची पुली मोकळी आणि शांत फिरली पाहिजे. मधली क्लच प्लेट हाताने थोडा जोर लावून फिरली पाहिजे. फिरतच नसेल तर कॉम्प्रेसर जाम आहे.

सगळ्यात फसवा प्रकार क्लचचा. क्लच प्लेट आणि पुलीमध्ये साधारण अर्धा मिलिमीटरची फट असते. झिजून ती वाढली किंवा क्लचला व्होल्टेज कमी मिळालं तर प्लेट नीट चिकटत नाही, घसरते आणि हुबेहूब बेल्टसारखी किंचाळते. बेल्ट बदला, आयडलर बदला, आवाज तसाच. प्लेटची कड उष्णतेने निळसर झालेली किंवा आजूबाजूला खरखरीत काळी-तपकिरी पूड दिसली तर तिथेच थांबा. अनेकदा प्लेटमागचा पातळ वॉशर कमी करून फट जुळते, नवा कॉम्प्रेसर लागत नाही.

काही गाड्यांच्या क्रँक पुलीत आतला आणि बाहेरचा भाग रबराने जोडलेला असतो. ते रबर सुटलं की बाहेरचं कडं घसरतं किंवा डगमगतं. दोन्ही भागांवर खडूने एक सरळ रेघ ओढा, गाडी चालवून या. रेघ तुटलेली दिसली तर पुली गेली.

१३. बेल्टवर पाणी उडवून कळतं म्हणतात, ते खरं का?

रेघांच्या बेल्टसाठी बऱ्यापैकी खरं. इंजिन चालू, एसी चालू, लांबून स्प्रेच्या बाटलीने रेघांच्या बाजूवर थोडंसं पाणी मारा. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर पुल्या रेषेत नाहीत. आवाज वाढला तर ताण कमी आहे. हात, बाटली आणि कपडे पुल्यांपासून लांब ठेवा. दुसऱ्या माणसाला गाडीत बसवा, म्हणजे लगेच इंजिन बंद करता येईल. प्रश्न ९ मधली पाण्याची चाचणी वेगळी आहे, दोन्ही एका वेळी करू नका.

१४. माझं उलटं आहे. एसी बंद असताना आवाज, एसी लावला की गायब!

हा बेल्ट नाही. कॉम्प्रेसरच्या पुलीचं बेरिंग आहे. एसी बंद असताना पुली त्या बेरिंगवर मोकळी फिरते, म्हणून ते वाजतं. क्लच लागला की पुली आणि शाफ्ट एकत्र फिरतात, बेरिंगच्या आतला फरक संपतो आणि आवाज थांबतो. लोकांना वाटतं एसी लावल्यावर बरा झाला. हे बेरिंग जाम झालं तर एसी बंद असतानाही बेल्ट जळतो. उन्हाळा संपायची वाट बघू नका.

१५. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताना दोन-चार सेकंद ओरडते. काही करावं का?

दमट बेल्ट थोडा घसरला आणि सुकला. काही सेकंदांत थांबत असेल तर ताण एकदा मोजा आणि सोडून द्या. पाणी साचलेल्या पुलाखालून गेल्यावरही असं होतं.

१६. गाडी गावाकडे उभी असते, मुलगा सुट्टीला आला की निघते. दर वेळी आवाज.

उभ्या गाडीत बेल्टला एकाच जागी वळण पडतं आणि पुल्यांच्या खाचांत गंज धरतो. गंज बेल्टची बाजू खरवडतो. खाचा बारीक पितळी ब्रशने आणि कोरड्या कापडाने साफ करा, कानशीने नको. शक्य असेल तर कुणाला तरी सांगून पंधरा दिवसांनी गाडी दहा मिनिटं चालू करायला आणि एसी लावायला सांगा. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील त्यातल्या तेलाने ओलं राहतं आणि गॅसही टिकतो.

१७. बेल्टवर सारखं तेल किंवा पाणी दिसतं. पुसून चालेल का?

पुसून दोन दिवस चालेल, गळती मात्र चालूच राहील. तेल बहुतेक इंजिनच्या झाकणाच्या गॅस्केटमधून किंवा क्रँकच्या सीलमधून येतं. हिरवट किंवा गंजकट पाणी असेल तर वॉटर पंप बघा. पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असतं, आतलं सील गेलं की त्यातून थेंब पडतात आणि फिरत्या पुलीमुळे आजूबाजूला उडतात. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतलं की क्षार आणि गंज साचतो आणि सील लवकर जातं. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तेलकट धूळ चिकटलेली असेल तर त्याचं शाफ्ट सील गळतंय आणि तेलाबरोबर गॅसही जातोय. गळती आधी, बेल्ट नंतर.

१८. माझ्या गाडीत एकच लांब बेल्ट आहे, ताणायला बोल्टच सापडत नाही.

तुमच्याकडे स्प्रिंगचा ऑटो टेन्शनर आहे. तो स्वतः ताण धरतो, त्यामुळे प्रश्न ६ आणि ७ तुम्हाला लागू नाहीत. आवाज आला तर टेन्शनरची स्प्रिंग थकली किंवा त्याचं बेरिंग गेलं असं आधी धरा. इंजिन चालू असताना टेन्शनरचा दांडा सारखा उड्या मारत असेल तर तो बदलायचा. बेल्ट काढायच्या आधी त्याच्या वाटेचा फोटो काढा, नाहीतर परत बसवताना संध्याकाळ होते.

१९. बाहेरून एसी बसवलेली जुनी ८०० आहे. कंपनीच्या यादीतला बेल्ट बसत नाही.

बसणार नाही. मूळ एसी नसलेल्या गाड्यांत नंतर किट बसवताना कॉम्प्रेसर, ब्रॅकेट आणि पुल्या किटवाल्याच्या मापाच्या असतात. नंबर वाचता आला तर तोच घ्या. नसेल तर आयडलर त्याच्या पल्ल्याच्या सुरुवातीला ठेवून पुल्यांभोवती न ताणणारी दोरी फिरवा आणि तिची लांबी दुकानात द्या. या गाड्यांत ब्रॅकेटचे बोल्ट ढिले होणं किंवा वेल्डिंगला चीर जाणं नेहमीचं. इंजिन चालू असताना एसी लावल्यावर कॉम्प्रेसर हलताना दिसला तर बेल्टवर पैसे घालायच्या आधी ब्रॅकेट पक्कं करा. वेल्डिंग करताना बॅटरी सोडा आणि ब्रॅकेट काढूनच वेल्डिंग करा.

२०. माजलगावच्या पुढे रात्री बेल्ट तुटला. गाडी चालवत आणू शकतो का?

एसीचा बेल्ट वेगळा असेल आणि फक्त कॉम्प्रेसरच फिरवत असेल तर हो, गाडीला काही होत नाही. थांबून तुटलेले तुकडे मात्र शोधून काढा, ते दुसऱ्या बेल्टमध्ये अडकले तर खरी पंचाईत. स्टिअरिंगही त्याच बेल्टवर असेल तर ते जड होईल, जपून या. बॅटरीचा लाल दिवा लागला असेल तर तुटलेला बेल्ट अल्टरनेटरचा आहे, तेव्हा प्रश्न ४ परत वाचा आणि गाडी ओढून न्या. लांबच्या रस्त्याला जाणाऱ्यांनी योग्य नंबरचे दोन्ही बेल्ट आणि १२-१४ चे पाने डिकीत ठेवावेत. जागा लागत नाही, आणि आडगावच्या दुकानात नेमका तुमचाच नंबर नसतो.

२१. मिस्त्री म्हणतो कॉम्प्रेसरच बदला. खर्च झेपणारा नाही.

बेल्ट आणि आयडलरचं बेरिंग शेकड्यांतलं काम आहे, क्लच हजारांत जातो, कॉम्प्रेसर त्याहून वर. म्हणून प्रश्न १२ मधल्या क्रमाने स्वस्त गोष्टी आधी वगळा. कॉम्प्रेसर जाम असल्याचं बेल्ट काढून, तुमच्यासमोर, हाताने फिरवून दाखवायला सांगा. गाडीत बसून ऐकलेल्या आवाजावर एवढा मोठा निर्णय घेऊ नका.

कॉम्प्रेसर खरंच जाम निघाला आणि सध्या पैसे नाहीत, तर वेगळ्या बेल्टच्या गाडीत एसीचा बेल्ट काढून ठेवून गाडी महिनोन्महिने चालवता येते. क्लचची वायर कनेक्टरपासून सोडून टेपने गुंडाळा आणि हलणार नाही अशी बांधून ठेवा, म्हणजे लहान मुलांनी बटण दाबलं तरी क्लच विनाकारण तापणार नाही. गॅसचे पाइप कुणाला उघडे सोडू देऊ नका. आत दमट हवा आणि धूळ गेली की पुढे कॉम्प्रेसरबरोबर बाकीचं सामानही बदलावं लागतं.